आकडा वाढला, गाडी जड झाली: २४०झेड, २६०झेड की २८०झेड?

१/
१९८० च्या दशकात अमेरिकेतील एखादा तरुण साठवलेले पैसे घेऊन जुन्या गाड्यांच्या बाजारात शिरला, तर डॅटसनच्या तीन स्पोर्ट्स गाड्या त्याच्यासमोर हमखास येत. लांब नाक तेच, उतरते छप्पर तेच. नावातील आकडा मात्र वेगळा: २४०, २६०, २८०. हा आकडा इंजिनाच्या आकारमानाचा. साधा तर्क सांगे की मोठा आकडा घ्यावा. बाजाराचा कौल मात्र पुढे उलटा लागला. असे का घडले, त्याची ही कथा. (थ्रेड)

२/
आधी आकड्याचा अर्थ. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होतो. सिलिंडरचा व्यास म्हणजे ‘बोअर’ आणि दट्ट्याने कापलेले अंतर म्हणजे ‘स्ट्रोक’. या दोहोंवरून एका सिलिंडरचे घनफळ निघते. त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणले की ‘सीसी’ मिळतात. २४०झेड म्हणजे २,३९३ सीसी, २६०झेड म्हणजे २,५६५ आणि २८०झेड म्हणजे २,७५३. तिन्ही इंजिने सहा सिलिंडरची, एकाच रांगेतली आणि निसानच्या एकाच ‘एल’ कुळातली.

३/
या आकड्यांच्या मुळाशी अभियंत्यांइतकेच करअधिकारीही उभे आहेत. युद्धोत्तर जपानमध्ये मोटारींची वर्गवारी लांबी, रुंदी आणि इंजिनाच्या आकारमानावरून होई. २,००० सीसीच्या आतली गाडी ‘लहान’ गणली जाई. ही रेषा ओलांडली की गाडी वरच्या वर्गात जाई आणि तिच्यावरील कर कितीतरी वाढे. त्यामुळे त्या काळातील बहुतेक जपानी गाड्या दोन लिटरच्या उंबरठ्याशी येऊन थांबलेल्या दिसतात.

४/
ऑक्टोबर १९६९ मध्ये निसानने ‘फेअरलेडी झेड’ जगासमोर आणली. योशिहिको मात्सुओ यांच्या नेतृत्वाखालील चमूने तिचा देह रेखला होता. जपानी ग्राहकाला ती १,९९८ सीसीच्या इंजिनासह मिळे. सोबत ‘झेड४३२’ नावाची दुर्मीळ आवृत्तीही होती: प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, ३ कार्ब्युरेटर आणि २ कॅमशाफ्ट, म्हणून ४३२. तिचेही आकारमान १,९८९ सीसी. शक्ती वाढवायची, पण कराची रेषा ओलांडायची नाही, हे त्यामागील गणित.

५/
अमेरिकेत मात्र ही रेषा अस्तित्वातच नव्हती. तेथील निसानच्या कारभाराचे प्रमुख युताका काटायामा यांना पक्के ठाऊक होते की लांबच लांब महामार्गांच्या त्या देशाला अधिक दमाचे इंजिन लागणार. म्हणून निर्यातीच्या गाडीत २.४ लिटरचे इंजिन बसले. ‘फेअरलेडी’ हे नावही अमेरिकी पुरुष ग्राहकाला रुचणार नाही, असे काटायामांचे मत होते. त्यांनी त्या नावाच्या पट्ट्या उतरवून ‘२४०झेड’ हे अंतर्गत सांकेतिक नावच गाडीवर लावले. अशा रीतीने इंजिनाचा आकडा गाडीचे नाव झाला.

६/
किंमत होती ३,५२६ डॉलर. त्या काळी जग्वारची स्पोर्ट्स गाडी घ्यायची तर याहून कितीतरी अधिक रक्कम मोजावी लागे. विक्रेत्यांकडे प्रतीक्षायाद्या लागल्या. वापरलेली २४०झेड नव्या गाडीच्या छापील किमतीहून महाग विकली जाण्याचे प्रकारही घडले. १९७० ते १९७३ या काळात दीड लाखाच्या आसपास २४०झेड गाड्या तयार झाल्या. त्यांतील बहुतेक अमेरिकेत गेल्या.

७/
या इंजिनाचा स्वभाव त्याच्या मापांत दडलेला आहे. बोअर ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७३.७ मिलिमीटर. स्ट्रोक आखूड असला की दट्ट्याला प्रत्येक फेरीत कमी अंतर कापावे लागते आणि इंजिन वरच्या फेऱ्यांपर्यंत मोकळेपणाने चढते. त्यातच गाडीचे वजन सुमारे १,०६० किलो. आकडा मध्यम, देह हलका आणि इंजिन चपळ, असा हा मेळ होता.

८/
त्याची कसोटी पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅलीत लागली. चिखल, धूळ आणि हजारो किलोमीटरचे खडतर रस्ते यांतून १९७१ साली एडगर हेर्मान याने २४०झेड पहिली आणली. दुसऱ्या क्रमांकावरही २४०झेडच होती. ती चालवत होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा तरुण.

९/
ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई वंशाच्या लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला. मेहता कुटुंबाने केनियात आसरा घेतला. त्यानंतर काही महिन्यांनीच, १९७३ च्या सफारीत, शेखर मेहता २४०झेड घेऊन विजयी झाला. दुसऱ्या डॅटसनमधील हॅरी शेलस्ट्रॉमशी त्याचे दंडगुण समसमान झाले होते. निकाल बरोबरी सोडवण्याच्या नियमाने लागला. पुढे त्याने ही रॅली आणखी चार वेळा जिंकली. २.४ लिटरच्या कीर्तीत या विजयाचा वाटा मोठा आहे.

१०/
इकडे अमेरिकेत वारे फिरले होते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. पाठोपाठ बंपरचे नियम आले. १९७३ च्या मॉडेलपासून पुढचा बंपर ताशी ५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या, धडकेत गाडीच्या सुरक्षा यंत्रणेला इजा होऊ न देणारा असावा लागे. पुढच्याच वर्षी मागच्या बंपरलाही तीच अट लागू झाली. नाजूक क्रोमच्या पट्टीची जागा जाडजूड पोलादाने आणि रबराने घेतली.

११/
धुराच्या नियमांचा पहिला फटका बसला तो कार्ब्युरेटरला. १९७३ च्या २४०झेडवर नवे, सपाट माथ्याचे कार्ब्युरेटर आले. उन्हाळ्यात इंजिन तापले की त्यांतील पेट्रोलची वाफ होई. गाडी आचके देई, कधी चौकातच बंद पडे. अनेक मालकांनी ते काढून १९७० ते १९७२ च्या गाड्यांचे गोल माथ्याचे कार्ब्युरेटर बसवले. म्हणजे १९७२ आणि १९७३ या दोन्ही गाड्यांवर आकडा २४० च असला, तरी चालवण्याचा अनुभव सारखा नव्हता. वापरलेली गाडी घेणाऱ्याने नावाच्या आधी उत्पादनाचे वर्ष का पाहावे, याचे हे चोख उदाहरण.

१२/
१९७४ मध्ये २६०झेड आली. बोअर तोच ठेवून स्ट्रोक ७९ मिलिमीटर केला गेला. वाढलेले १७२ सीसी कशासाठी होते? नियमांनी हिरावलेली शक्ती आणि वाढलेले वजन भरून काढण्यासाठी. कार्ब्युरेटर मात्र तेच त्रासदायक राहिले. अमेरिकेत २६०झेड जेमतेम एक मॉडेल-वर्ष टिकली. चार आसनांची ‘टू प्लस टू’ आवृत्तीही याच वेळी आली. तिच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे ३० सेंटीमीटरने अधिक होते.

१३/
येथे अश्वशक्तीच्या आकड्यांविषयी सावध राहावे लागते. २४०झेडसाठी १५१ अश्वशक्तीचा दावा होता, तर २६०झेडसाठी १३९ चा. मोठे इंजिन दुबळे कसे ठरले? मोजण्याची पद्धत बदलली होती. जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीत उघडे इंजिन चाचणीच्या चौकटीवर चालवत. ‘नेट’ पद्धतीत एअर फिल्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर असे सारे जोडूनच मापन होई. १९७२ च्या सुमारास अमेरिकी उद्योग नेटकडे वळला. हे दोन आकडे शेजारी मांडून तुलना करणे म्हणजे एकाला पायांत जोडे घालून आणि दुसऱ्याला अनवाणी मोजण्यासारखे आहे.

१४/
१९७५ मध्ये २८०झेड अवतरली. या वेळी बोअर ८६ मिलिमीटर झाला, स्ट्रोक ७९ च राहिला. खरा बदल आकारमानापेक्षा इंधनपुरवठ्यात होता. कार्ब्युरेटर गेले आणि बॉशची ‘एल-जेट्रॉनिक’ इंधन-इंजेक्शन प्रणाली आली. आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणात पेट्रोल सोडणारी ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था होती. उन्हाळ्यातील आचके थांबले, थंडीत गाडी सहज सुरू होऊ लागली. नेट पद्धतीने शक्ती १४९ अश्वशक्ती भरली. ही गाडी केवळ उत्तर अमेरिकेसाठी होती. युरोपात २६०झेडच १९७८ पर्यंत विकली गेली.

१५/
आता हिशेब मांडू. २४० ते २८० या प्रवासात इंजिन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. वजन मात्र १,०६० किलोवरून १,३०० किलोच्या घरात गेले. म्हणजे २२ टक्क्यांहून अधिक वाढ. २४०झेडमध्ये एका सीसीच्या वाट्याला सुमारे ४४० ग्रॅम ओझे येई, २८०झेडमध्ये सुमारे ४७० ग्रॅम. मोठ्या आकड्याने वेगात मोठी भर घातली नाही. वाढलेले ओझे वाहण्यातच त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडली.

१६/
म्हणून २८०झेड वाईट ठरते का? मुळीच नाही. रोज चालवायची गाडी हवी असेल, तर इंजेक्शनची विश्वासार्हता, कमी फेऱ्यांत मिळणारी ओढ आणि १९७७ पासून मिळू लागलेला पाच गतींचा गिअरबॉक्स या तिच्या जमेच्या बाजू होत. अमेरिकेतील २४०झेडला चार गतींचाच हस्तचलित गिअरबॉक्स होता. उलट बाजूस, पन्नास वर्षांनंतर २८०झेडच्या विद्युत जोडण्या गंजतात आणि दोष शोधणे किचकट होते. कार्ब्युरेटर निदान पेचकसाने जुळवता येतो.

१७/
तिन्ही गाड्यांचा सामाईक शत्रू मात्र एकच: गंज. पत्रा पातळ आणि त्या काळातील गंजरोधक प्रक्रिया अपुरी. बॅटरीखालचा तळ, पायांखालची फरशी, खालचे आधारदांडे, दाराखालच्या पट्ट्या, येथे गंज आधी शिरतो. एल कुळाचे इंजिन दणकट. ते उघडून नवे करता येते आणि प्रसंगी दुसरे आणून बसवता येते. कुजलेला सांगाडा सरळ करणे हे मात्र खर्चाचे आणि क्लेशाचे काम. त्यामुळे गंजलेल्या २४०झेडपेक्षा निरोगी सांगाड्याची २६०झेड केव्हाही भली.

१८/
एकाच कुळातली इंजिने असल्याचा आणखी एक परिणाम झाला. मोडीत निघालेल्या गाड्यांमधील २.८ लिटरचे इंजिन हलक्या २४०झेडमध्ये फारशी कापाकापी न करता बसते, हे हौशी कारागिरांनी लवकरच हेरले. काहींनी निसानच्या डिझेल इंजिनाचा ८३ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट वापरून तीन लिटरचा टप्पाही ओलांडला. कारखान्याने जे एकत्र दिले नव्हते, ते म्हणजे मोठे इंजिन आणि हलका देह, ते गल्लीतल्या गॅरेजांनी एकत्र आणले.

१९/
पण काळ उलटला आणि मोल ठरवणारी दृष्टीही बदलली. १९९६–९७ च्या सुमारास निसानच्या अमेरिकी शाखेने स्वतःच जुन्या गाड्या विकत घेऊन, त्या कारागिरांकडून नव्यासारख्या करवून, पंचवीस हजार डॉलरांच्या आसपास विकण्याचा उपक्रम केला. त्यासाठी कंपनीने निवडली ती सुरुवातीच्या वर्षांतली २४०झेड. उपक्रम फार काळ टिकला नाही. पन्नासाच्या आतच गाड्या विकल्या गेल्या. निवड मात्र बोलकी होती.

२०/
जानेवारी २०२० मध्ये १९७१ ची एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. अशा बाजारात गाडीच्या सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांक मूळचेच आहेत का, हे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. कधीकाळी मोठे इंजिन बसवून ‘सुधारलेली’ गाडी आता मूळ २.४ लिटरच्या गाडीपुढे किमतीत मागे पडू शकते. मूळचे इंजिन भंगारात घालणाऱ्याला ही कल्पना असणे शक्यच नव्हते.

२१/
आकडा कायद्याने घडवण्याची ही रीत भारतालाही परकी नाही. २००६ पासून चार मीटरच्या आतील लांबी आणि पेट्रोलसाठी १,२००, डिझेलसाठी १,५०० सीसीची मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळू लागली. जीएसटीतही ती रेषा टिकली. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरील अनेक गाड्यांच्या पाठी तोडल्यासारख्या का दिसतात आणि इंजिने ११९७ किंवा ११९९ सीसीवरच का अडतात, याचे उत्तर तेथे आहे.

२२/
तेव्हा त्या तरुण खरेदीदाराला इतिहासाने काय सांगितले असते? हलकेपणा आणि चपळता हवी तर १९७२ पर्यंतची २४०झेड. रोजची बिनतक्रार सोबत हवी तर २८०झेड. आणि खिसा मर्यादित असेल, तर कार्ब्युरेटर बदललेली, गंज न लागलेली २६०झेड. मात्र कोणतीही निवडण्यापूर्वी त्याने बॅटरी उचलून तिच्याखालचा पत्रा बोटाने दाबून पाहायला हवा होता.