बैल तोंड लावत नाही ते पाणी

माझ्या आजाने समुद्र कधी पाहिला नाही, पण समुद्राची खूण मात्र त्याने मला सांगून ठेवली होती. तहानलेला बैलसुद्धा ज्या पाण्याला तोंड लावत नाही, ते मोठं पाणी. ही खूण त्याला त्याच्या आजाने सांगितलेली. आमचा तांडा कळमनुरी तालुक्यातला. आमचं पाणी म्हणजे कयाधू, पलीकडे पैनगंगा आणि अलीकडच्या काळात ईसापूरचं धरण. तिथून कोकणचा किनारा सहाशे किलोमीटरच्या पुढे. एवढ्या लांबच्या पाण्याची खूण आमच्या घरात पाच पिढ्या टिकली, कारण आम्ही लमाण. लवण वाहणारे ते लमाण, अशी या शब्दाची फोड करतात. गावातल्या माणसाला मीठ दुकानात मिळतं. आमच्या पूर्वजांना ते आणायला जावं लागे.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गेल्या नाताळात. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने लेकरांच्या सुट्टीसाठी एक कॅराव्हॅन भाड्याने घेतली आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून एकतीस वर्षं इतिहास शिकवला. राहतं घर रस्त्यावरून चालताना पहिल्यांदाच पाहिलं. मागच्या बाजूला दोन बाकं, रात्री जोडली की पलंग. ड्रायव्हरच्या डोक्यावर लेकरांची झोपायची माळवदासारखी जागा. दोन बर्नरची शेगडी, हात धुवायचं भांडं, पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात दार लावलेलं न्हाणीघर. बायकोने आधी शेगडी पेटवून पाहिली, मग ज्वारीच्या पिठाचा डबा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि तवा जागच्या जागी लावला. सगळं लावून झाल्यावर ती म्हणाली, "सासूबाई सांगायच्या तसंच की हो हे. चूल, लेकरं, अंथरूण, सगळं संगं."

सासूबाई म्हणजे माझी याडी. तिच्या फेटियाला कवड्या शिवलेल्या होत्या. लहानपणी मी त्या मोजायचो. कवडी मालदीवच्या समुद्रातून येते आणि एके काळी ती हिंदुस्थानभर नाणं म्हणून चालत होती, हे मला फार पुढे वाचनातून कळलं. दगडधोंड्यांच्या माळावर गवऱ्या वेचणाऱ्या बाईच्या घागऱ्यावर समुद्र शिवलेला होता, आणि आम्हा लेकरांना त्याचं काही वाटत नव्हतं.

तांडा म्हणजे आज लोकांना वस्ती वाटते. मुळात तांडा म्हणजे चालता माल आणि त्याच्यासोबत चालतं घर. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १६३२ साली उत्तरेत असा एक तांडा पाहिला आणि त्यात चौदा हजार बैल असल्याचं लिहून ठेवलं. तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाही, बायकालेकरं सोबतच असतात, हेही त्यानेच नोंदवलं आहे. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणाऱ्यांचे वेगवेगळे चार गट सांगितले आहेत. एका बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना मिळून शंभर किलोच्या वर ओझं असे. त्यासाठी लागणाऱ्या तागाच्या गोणी आमच्या बायकाच कातत आणि विणत. मुक्कामाला या भरलेल्या गोणी एकावर एक रचून त्यांची भिंत करायची, गुरं आत घ्यायची, कुत्री बाहेर सोडायची. सकाळी भिंत मोडायची, बैलांवर लादायची आणि पुढची वाट धरायची. सगळ्यांच्या पुढे एक मानाचा बैल, शिंगांना कवड्या आणि गळ्यात घुंगरं बांधलेला. तो बसला की तांडा बसला.

यात एक हिशेब आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. बैलगाडीला रस्ता लागतो, बैलाला पाऊलवाट पुरते. गाडीच्या बैलाला वैरण विकत घ्यावी लागते, तांड्याचे बैल वाटेवरच्या गायरानात चरत चालतात. म्हणून तांडा हळू चाले आणि म्हणूनच तो स्वस्त पडे. मीठ, धान्य, कापूस हा जड आणि हलक्या किमतीचा माल शेकडो कोस न्यायचा तर दुसरा उपाय नव्हता. फौजा याच बैलांवर जगल्या. १८०३ साली असईच्या लढाईकडे निघालेल्या वेलस्लीच्या सैन्याचं धान्य बंजाऱ्यांनी, म्हणजे आम्हा लमाणांनीच, वाहिलं. असई आमच्या मराठवाड्यातच, जालना जिल्ह्यात. मी शाळेत असईची लढाई दरवर्षी शिकवली. तोफा शिकवल्या, तह शिकवले. फौजेची भाकर कुणाच्या बैलावरून आली हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही, आणि वर्गातली निम्मी लेकरं तांड्यावरची होती. ही माझ्या हातून झालेली मोठी चूक आहे.

पुण्याहून आम्ही कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरलो. वर अंगावर शाल होती. साखरप्यापर्यंत येता येता नातवाने स्वेटर काढून फेकला. पौषातली थंडी आमच्याकडे हाडात शिरते. पहाटे कापूस वेचायला गेलेल्या बायकांची बोटं वळत नाहीत. इथे खाली दमट, उबदार हवा, भाताचे रिकामे वाफे, घरापुढे वाळत घातलेली सुपारी. गणपतीपुळ्याला मी पहिल्यांदा आलो तो शाळेची सहल घेऊन, एसटी प्रासंगिक करारावर घेतली होती तेव्हा. टपावर तांदळाचं पोतं, पातेली आणि सतरंज्या. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र दाखवला तो बहुतेक अशा डिसेंबरच्या सहलींनी आणि लाल गाडीने. निजाम सरकारने १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांवर बससेवा सुरू केली, तेव्हा तिचं तोंड हैदराबादकडे होतं. महाराष्ट्र झाल्यावर रस्त्यांची तोंडं पश्चिमेकडे वळली. तो प्रवास चांगलाच होता, पण त्यात घर मागे राहत असे. या वेळी घर सोबत होतं, म्हणून मला सारखा तांडा दिसत होता.

गाडी कुठे लावायची हा रोजचा प्रश्न. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण कोकणातल्या आतल्या वाटा बैलाच्या मापाने पडलेल्या आहेत. मालवणच्या अलीकडे एका पाणंदीत फणसाची फांदी टपाला घासायला लागली आणि मुलाला अर्धा किलोमीटर उलटी गाडी घ्यावी लागली. मग एका घरासमोर थांबून मीच विचारलं. घरच्या बाईंनी माड असलेली परसाची जागा दाखवली, विहिरीवरून टाकी भरू दिली, पैसे घेतले नाहीत. जाताना बायकोने त्यांच्या हातावर हळदीची पुडी ठेवली, आमच्या वसमतकडची. तांड्याचा नायक गावाबाहेर थांबून पाटलाला असंच विचारत असणार: पाणी कुठलं, चराई कुठली, किती दिवस. काहीतरी देत असणार. चालत्या घराला पाणी आणि टेकायला जागा मिळाली की बाकीचं सगळं त्याच्याजवळ असतं.

आम्हाला जायचं होतं शिरोड्याला. लेकरांना तारकर्ली हवी होती, ती झाली. पण शिरोडं माझ्या मनात होतं. या गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी वर्षं शिक्षक होते, आणि इथल्याच मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. शिक्षक म्हणून मला या दोन्ही गोष्टी पाठ होत्या. लमाण म्हणून मला आगर पाहायचं होतं.

आणि आगरात मीठ नव्हतं! वाफे होते, बांध होते, खाडीचं पाणी चकाकत होतं. कमरेला कोयता लावलेला एक माणूस बांधाला चिखल थापत होता. दोन बायका तळ तुडवून घट्ट करत होत्या. विचारल्यावर कळलं की पावसाने मोडलेलं आगर आधी बांधून काढावं लागतं, मग खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत दाट करायचं. मीठ धरतं ते पुढे ऊन वाढलं की, आणि पाऊस येईपर्यंत काढत राहायचं.

मी बांधावरच बसलो आणि बोटांवर हिशेब करायला लागलो. तांडा पावसाळ्यात हलत नाही. काळ्या मातीत लादलेला बैल पोटापर्यंत रुततो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, वाटा वाळल्या की निघायचं. दिवसाला सहा-सात मैल, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. सहाशे किलोमीटरला दोन महिने धरा. तांडा किनाऱ्याला पोचतो तेव्हा माघ उजाडलेला असतो, म्हणजे आगरात नवं मीठ धरायची वेळ. जाताना पाठीवर धान्य, कापूस, येताना मीठ. आणि मृगाच्या आत घरी, कारण पाऊस लागला की गोणीतलं मीठ पाणी होऊन बैलाच्या पाठीवरून वाहून जाणार. बैलाची चाल, मातीचा चिखल आणि समुद्राचं ऊन या तिन्हींचं वेळापत्रक असं जुळलेलं होतं. लोक आमच्या हिंडण्याला भटकणं म्हणत आले. शिरोड्याच्या बांधावर बसून मला ते शेतीसारखं दिसलं, पेरणी-काढणीइतकं बांधलेलं. भटक्या हा शब्द मी त्या दिवसापासून आमच्या लोकांसाठी वापरत नाही. सरकारी दाखल्यावर असेल तेवढा असू दे.

हे संपलं कसं, तेही सांगायला हवं. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पाठीवरच्या ओझ्याला चाकांची स्पर्धा लागली. मिठावर इंग्रजांनी कर बसवला तो एवढा, की चोरटं मीठ अडवायला सिंधूपासून महानदीपर्यंत चौक्यांची रांग उभी केली; तिच्यात शेकडो मैल काटेरी झुडपांचं कुंपण लावलं होतं, आणि ती बऱ्हाणपूरवरून जात होती. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली. १८७९ मध्ये ती चौक्यांची रांग उठली, पण तोवर मीठ वाघिणीत बसून फिरू लागलं होतं. १९०० साली मनमाड-हैदराबाद लोहमार्ग मराठवाड्यातून गेला, १९१२ मध्ये त्याचा फाटा पूर्णेहून हिंगोलीला आला. म्हणजे जे मीठ आणायला अख्खा हंगाम जाई, ते आमच्या दारापासून पाच-सहा कोसांवर उतरायला लागलं. बैल विकले गेले. जे लोक वाटेवर राहत होते ते माळावर, डोंगराच्या कुशीला, जिथे दुसरं कुणी राहत नव्हतं तिथे थांबले. कळमनुरीच्या आसपासचे तांडे हे असे थांबलेले मुक्काम आहेत.

त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे अनेक ठिकाणी बंजारे, लंबाडी त्याच्या यादीत गेले. कंबरलेज नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवर १८८२ मध्ये पुस्तक लिहिलं. आमच्या चालीरीती, कुळं, देव त्यात बारकाईने आले आहेत, पण पाहणारा डोळा पोलिसाचा आहे. कालपर्यंत ज्यांच्या गोणीवर विश्वास ठेवून फौजा चालल्या, त्यांना पोलीसपाटलाकडे हजेरी लावायला लागली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत अंगावर होता. पैनगंगेपलीकडच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, म्हणजे मधे फक्त अकरा वर्षं. आमच्या तांड्यावर त्या दिवशी गूळ वाटला होता आणि माझा आजा रडला होता. मी तेव्हा शाळेत नुकता जायला लागलो होतो. तो का रडला हे समजायला मला फार वर्षं लागली.

आगराजवळच्या छपरीत मागल्या हंगामाचं मीठ होतं. जाडं, करड्या रंगाचं, ओलसर. तिथल्या बाईने विचारलं, "खंयसून इलात?" मी कळमनुरी सांगितलं, मग हिंगोली, मग नांदेडच्या अलीकडे म्हणालो. ती म्हणाली, इतक्या लांबून मिठाला कोणी येत नाही. मी दहा किलो घेतलं. मुलगा म्हणाला, बाबा, गाडी भाड्याची आहे, ओल सुटेल. नातीने आपली रेतीत खेळायची बादली खाली ठेवली आणि पिशवी तिच्यात उभी केली. परतीच्या वाटेवर, आंबोली चढताना, ती बादली सगळा वेळ तिच्या पायांत होती.

संक्रांतीच्या आधी मी तांड्यावर गेलो. मीठ ओंजळ-ओंजळ घरोघरी दिलं. थोरल्या चुलत्यांनी दोन खडे जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि काही बोलले नाहीत. मग काठी टेकत उठले, गोठ्याकडे गेले, मला हाक मारली. त्यांच्या नातवाची बैलजोडी नुकतीच पाणी पिऊन उभी होती. काकांनी माझा हात धरून पुढे केला. माझ्या तळहातावर मूठभर शिरोड्याचं मीठ होतं. पांढऱ्या बैलाने आधी हुंगलं, कान हलवले, आणि मग खरबरीत जीभ काढून चाटायला लागला. मीठ संपलं तरी तो हात चाटत राहिला.