खतावणीत न उतरलेला पगार

३ मे १९९४ रोजी अमेरिकेच्या सिनेटने चक्क जमाखर्चाच्या एका नियमावर मतदान केले. हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने आपला प्रस्ताव रेटू नये, असा ठराव ८८ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. प्रस्ताव एवढाच होता: कंपनी नोकरांना ठरावीक भावाने शेअर घेण्याचा जो हक्क देते, तो पगारच आहे, तेव्हा तो खर्चात दाखवा.

या वादाचे मूळ १९७२ मधले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे हक्काचा भाव देण्याच्या दिवशीच्या बाजारभावाइतका ठेवला, की खर्च शून्य. अशा हक्काचे मोल काढायची सर्वमान्य रीत तेव्हा नव्हती. पुढच्याच वर्षी ब्लॅक आणि शोल्स यांचे सूत्र प्रसिद्ध झाले. सबब संपली, नियम मात्र टिकला.

खतावणीत फरक काय पडतो, ते पाहू. कंपनीने १,००० हक्क दिले, प्रत्येकाचे मोल ६ डॉलर, अट तीन वर्षे नोकरीची. म्हणजे दरवर्षी २,००० डॉलर पगारखर्चाच्या नावे आणि तेवढेच अतिरिक्त भरणा भांडवलात जमा. कर बाजूला ठेवला, तर साठलेला नफा जेवढा घटतो तेवढेच भरणा भांडवल वाढते. भागधारकांची एकूण रक्कम तीच राहते. पुढे नोकराने २० डॉलर भावाने शेअर घेतले, की रोख २०,००० येतात. त्यांत आधीचे ६,००० मिळवून २६,००० होतात. दर्शनी किंमत १ डॉलर असेल, तर १,००० भागभांडवलात आणि २५,००० अतिरिक्त भरणा भांडवलात. जुन्या नियमात मात्र २०,००० च नोंदले जात. सहा हजारांचे काम कुठेच उमटत नसे.

विरोधकांचा सवाल होता: पैसा हललाच नाही, तर खर्च कसला? पण तोच हक्क बाहेर विकला असता तर पैसा आलाच असता. शिवाय जुन्या भागधारकांचा वाटा पातळ होतो तो वेगळाच. तरीही मंडळ नमले. १९९५ च्या नियमाने आकडा तळटीपेत देण्याची मुभा ठेवली. मंडळाला माघारीचा सल्ला देणारे शेअरबाजार नियामक आर्थर लेव्हिट यांनी पुढे ती आपली मोठी चूक असल्याचे मान्य केले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कोसळली, ताळेबंदांवरचा विश्वास उडाला, आणि डिसेंबर २००४ मध्ये खर्च दाखवणे सक्तीचे झाले.

पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसने आपली कर्मचारी शेअर योजना आणली, तीही १९९४ मध्येच. ‘सेबी’ची अशा योजनांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ ची.

भरणा भांडवल म्हणजे भागधारकांनी ओतलेला पैसा, अशी आपली समजूत. त्या दोन हजारांच्या नोंदीने नोकराचे नावही भरणा करणाऱ्यांत आणले. त्याने भरले होते ते काम. हे एवढे मान्य व्हायला बत्तीस वर्षे लागली.