फ्रीबीएसडीवर फ्लॅश कसा चालला?

आजचा विषय ऐकायला थोडा किरकोळ वाटेल. ब्राउझरमधलं एक प्लगइन, आणि ते ज्या संचालन प्रणालीसाठी बनवलंच नव्हतं तिच्यावर ते चालवायची लोकांची धडपड. पण मला या निमित्ताने एक मोठा प्रश्न घ्यायचा आहे. सार्वजनिक वेबवरचं पान कोणत्या यंत्रावर उघडेल, हे ठरवतं कोण? पान लिहिणारा, वाचणारा, की मध्ये बसलेली तिसरीच एखादी कंपनी?

आधी प्लगइन म्हणजे काय ते पाहू. १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत एक सोय आली. ब्राउझरला जे दाखवता येत नाही, ते दाखवणारा दुसऱ्या कुणाचा तरी कोड ब्राउझरच्या आत लावता यायला लागला. या जोडणीचं नाव एनपीएपीआय. कल्पना चांगली होती. पीडीएफ असो, चित्रफीत असो, ब्राउझर बनवणाऱ्याने सगळं स्वतः लिहायची गरज उरली नाही. पण यात एक गोम होती. वेबपान हा मजकूर असतो, तो कुठल्याही यंत्रावर वाचता येतो. प्लगइन हा मात्र विशिष्ट प्रोसेसरसाठी आणि विशिष्ट संचालन प्रणालीसाठी तयार केलेला यंत्रभाषेतला कोड. म्हणजे पान सगळ्यांसाठी, आणि ते उघडायची किल्ली ठरावीक लोकांसाठी, अशी स्थिती त्या दिवसापासून तयार झाली.

फ्लॅशचा जन्मही १९९६ चाच. फ्यूचरवेव्ह नावाच्या छोट्या कंपनीचं फ्यूचरस्प्लॅश हे अ‍ॅनिमेशनचं साधन मॅक्रोमीडियाने विकत घेतलं आणि त्याचं फ्लॅश झालं. २००५ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाच अडोबीकडे गेली. आणि त्याच वर्षी यूट्यूब सुरू झालं. हा योगायोग महत्त्वाचा आहे. तोपर्यंत फ्लॅश म्हणजे खेळ, जाहिराती, नाचणारी चित्रं. नसला तरी चालेल असा. यूट्यूबनंतर व्याख्यानं, बातम्या, शिकवण्या सगळं फ्लॅशमधून यायला लागलं. आता तो नसणं म्हणजे दार बंद.

विंडोज आणि मॅकवाल्यांना काही अडचण नव्हती. लिनक्सवाल्यांना मिळायचा, पण उशिरा. फ्लॅश ८ लिनक्ससाठी निघालाच नाही. सातनंतर थेट नववी आवृत्ती आली, तीही जानेवारी २००७ मध्ये. आणि फ्रीबीएसडी? फ्रीबीएसडीसाठी मूळचा फ्लॅश कधीच निघाला नाही.

फ्रीबीएसडी ही १९९३ मध्ये सुरू झालेली, बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून उतरलेली मुक्त प्रणाली. सर्व्हर चालवणाऱ्यांत तिला मोठा मान. पण तीच प्रणाली टेबलावरच्या संगणकावर वापरणारे थोडे. फ्लॅशचा मूळ कोड बंद, म्हणून तो दुसऱ्या कुणाला फ्रीबीएसडीसाठी संकलित करता येत नव्हता. आणि ज्या कंपनीला तो करता येत होता, तिला तेवढ्या लोकांसाठी करावासा वाटला नाही. यात दुष्टपणा शोधायचं कारण नाही. हा साधा हिशेब आहे. पण तो हिशेब दुसऱ्या कुणाच्या हातात होता, हा मुद्दा.

मग लोकांनी काय केलं? इथे जरा तांत्रिक भाग आहे, पण समजायला अवघड नाही.

कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडायची असेल, पडद्यावर काही काढायचं असेल, तर प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला विनंती करतो. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक असतो. ३२ बिटच्या लिनक्समध्ये १३ क्रमांक म्हणजे ‘किती वाजले ते सांग’. फ्रीबीएसडीत १३ क्रमांक म्हणजे ‘चालू डिरेक्टरी बदल’. म्हणजे लिनक्सचा प्रोग्रॅम तसाच फ्रीबीएसडीवर सोडला, तर तो वेळ विचारेल आणि कर्नल त्याला भलत्याच खोलीत नेऊन उभं करायला बघेल!

फ्रीबीएसडीने यावर १९९५ मध्येच, २.१ या आवृत्तीच्या काळात, एक तोडगा काढला होता. प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल फाइलवरची खूण बघतो. ती लिनक्सची असेल, तर त्या प्रक्रियेपुरता क्रमांकांचा दुसरा तक्ता लावतो. त्या तक्त्यात १३ म्हणजे वेळच. शिवाय लिनक्सच्या ग्रंथालय-फाइली एका वेगळ्या डिरेक्टरीत ठेवलेल्या असतात, आणि लिनक्सचा प्रोग्रॅम काही मागायला लागला की आधी तिथे शोधलं जातं. लोक याला लाडाने ‘लिनक्सुलेटर’ म्हणतात, पण यात कुठलाही नकली संगणक उभा केलेला नसतो. प्रोसेसर तोच, सूचना त्याच, फक्त कर्नल दोन बोली बोलतो.

मग फ्लॅश का चालेना? कारण प्लगइन हा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही. तो ब्राउझरच्या प्रक्रियेत शिरून बसतो. आणि एक प्रक्रिया एक तर लिनक्सची असते, नाही तर फ्रीबीएसडीची. ब्राउझर फ्रीबीएसडीचा आणि त्याच्या पोटात लिनक्सचं प्लगइन, हे जमणार कसं?

याची तीन उत्तरं निघाली. पहिलं, अख्खा ब्राउझरच लिनक्सचा घ्या. चालायचं, पण मग आपल्या प्रणालीवरचा चांगला ब्राउझर सोडून एका फ्लॅशसाठी परका ब्राउझर बाळगायचा. ओपनबीएसडीवाल्यांनीही त्या काळात लिनक्सचा ऑपेरा आणि त्यात फ्लॅश, असाच मार्ग ठेवला होता.

दुसरं उत्तर ‘लिनक्सप्लगइनरॅपर’. यात प्लगइनने लिनक्सच्या ग्रंथालयातलं फंक्शन मागितलं की त्याला गुपचूप फ्रीबीएसडीचं द्यायचं. फ्लॅश ७ पर्यंत हे बऱ्यापैकी निभलं. पण ही तडजोड नाजूक. प्लगइनची आवृत्ती बदलली की सगळं ढासळायचं.

तिसरं उत्तर सर्वांत शहाणपणाचं, आणि ते मुळात फ्रीबीएसडीसाठी लिहिलंही नव्हतं. ग्वेनोले बोशेन यांनी ‘एनएसप्लगइनरॅपर’ लिहिला तो ६४ बिटच्या ब्राउझरमध्ये ३२ बिटचं प्लगइन चालावं म्हणून. त्याचे दोन भाग. एक छोटा भाग ब्राउझरच्या आत बसतो आणि ‘मीच प्लगइन’ असं सांगतो. दुसरा भाग वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो आणि खरं प्लगइन त्याच्यात असतं. दोघं एकमेकांना निरोप पाठवतात. एकदा दोन प्रक्रिया झाल्या, की एक फ्रीबीएसडीची आणि दुसरी लिनक्सची असायला काय हरकत? तेव्हा फ्रीबीएसडीवाल्यांनी तो उचलला, आणि फ्लॅश ९ पासून पुढे हाच रूढ मार्ग झाला.

रूढ म्हणजे सोपा नव्हे हं. लिनक्सचा थर चालू करा, लिनक्सची ग्रंथालयं बसवा, लिनक्सच्या पद्धतीची प्रोक-फाइलप्रणाली जोडा, प्लगइन उतरवून घ्या, योग्य जागी दुवा ठेवा, मग रॅपरची आज्ञा चालवा. एवढं करून चित्र दिसायचं, तर आवाज यायचा नाही. कारण लिनक्सचा फ्लॅश आता ‘अल्सा’ या ध्वनिव्यवस्थेशी बोलत होता आणि फ्रीबीएसडीत ‘ओएसएस’. मग त्यासाठी आणखी एक दुभाषी.

आणि या सगळ्याची किंमत सुरक्षेत मोजावी लागत होती, ती फारशी बोलली जात नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रीबीएसडी ८.० आली. त्याच सुमारास लिनक्सच्या थरासाठी फेडोरा १० ची ग्रंथालयं रूढ झाली. फेडोरा प्रकल्पाने स्वतः फेडोरा १० चा आधार डिसेंबर २००९ मध्ये थांबवला. फ्रीबीएसडीवर मात्र ती ग्रंथालयं पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली. म्हणजे दुरुस्त्या न मिळणाऱ्या पायावर, सतत भोकं सापडणारं एक बंद प्लगइन. ज्या लोकांनी शिस्तीसाठी ही प्रणाली निवडली, त्यांच्याच घरात हा खोपटाचा भाग उभा होता. ओपनबीएसडीने २०१६ मध्ये ६.० आवृत्तीत लिनक्सचा थर पूर्ण काढून टाकला, तो निर्णय या पार्श्वभूमीवर पाहिला की नीट कळतो.

दुसरे दोन रस्तेही होते, त्यांची नोंद घेतली पाहिजे. एक वाटाघाटीचा. जावाच्या बाबतीत फ्रीबीएसडी फाउंडेशनने सन कंपनीशी परवान्याचा करार केला आणि २००६ मध्ये फ्रीबीएसडीसाठी जावाचे तयार संच रीतसर उपलब्ध करून दिले. म्हणजे कंपनी तयार असेल तर हे होऊ शकत होतं. दुसरा रस्ता पुन्हा बांधण्याचा. ग्नू प्रकल्पाने २००५ च्या अखेरीस ‘नॅश’ हाती घेतला, म्हणजे फ्लॅशच्या फाइली वाचणारा मुक्त प्लेअर. पण तेव्हा फ्लॅशच्या स्वरूपाचं अधिकृत वर्णन ज्या अटींवर मिळायचं, त्यांत प्लेअर बनवायला मनाई होती. ती अट अडोबीने २००८ च्या मे महिन्यात उठवली. तोवर या मंडळींना सगळं बाहेरून निरखूनच काम करावं लागलं. शिवाय फ्लॅश ९ सोबत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आली, तिच्यासाठी अगदी नवं यंत्रणा-अंग लागायचं. नॅशची दमछाक झाली ती तिथे.

आपल्याकडे याचाच एक भाऊ होता, तो सांगतो आणि पुढे जातो. युनिकोड रुळायच्या आधी बऱ्याच मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं स्वतःच्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट आपोआप उतरायची सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरवर पान उघडलं की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा. मराठी बातमी, मराठी वाचक, आणि मध्ये पुन्हा तिसराच. तिथे सुटका झाली ती एखाद्या रॅपरने नव्हे, युनिकोड या खुल्या मानकाने.

फ्लॅशचंही तेच झालं. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर फ्लॅश का नाही याचं जाहीर पत्र लिहिलं. २०१२ मध्ये अडोबीने सांगितलं की ११.२ नंतर लिनक्सवर नवा फ्लॅश फक्त क्रोमबरोबर मिळेल. पुढे २०१६ मध्ये तो निर्णय फिरवला, पण तोवर वेळ निघून गेली होती. २०१४ मध्ये एचटीएमएल५ हे अधिकृत मानक झालं. क्रोमने २०१५ मध्ये एनपीएपीआय काढलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळ्या प्लगइनांना निरोप दिला, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशच बंद केला.

मग इतक्या लोकांची ती मेहनत पाण्यात गेली का? माझं मत असं की अर्धी गेली, अर्धी नाही. एकेका आवृत्तीसाठी केलेली ठिगळं कुणाच्याच कामाची उरली नाहीत. पण प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत ठेवायची कल्पना टिकली. रॅपरमध्ये ती नाइलाजातून आलेली होती, पण तिचा एक फायदा असा दिसला की फ्लॅश कोसळला तरी ब्राउझर उभा राहतो. क्रोमने २००८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१० मध्ये हीच रचना आपापल्या परीने मुख्य ब्राउझरमध्ये आणली. आणि लिनक्सुलेटर आजही चालू आहे, त्याचा उपयोग फ्लॅशपेक्षा कितीतरी मोठा आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, आज प्लगइन नाहीत. म्हणजे हा प्रश्न संपला असं म्हणायचं का?)

चांगला प्रश्न. नाही, संपला नाही. आज चित्रपट दाखवणाऱ्या सेवांसाठी ब्राउझरमध्ये विडवाइनसारखा बंद घटक लागतो. त्याच्याशी बोलायची पद्धत, ईएमई, २०१७ मध्ये वेबचं मानक झाली. पण घटक स्वतः बंदच. फ्रीबीएसडीसाठी तो अधिकृतपणे मिळत नाही, आणि लोक पुन्हा लिनक्सच्या थराकडे वळतात. चित्र ओळखीचं आहे.

पण एक फरक लक्षात घ्या. फ्लॅश ही मुळात फाइलची एक रचना होती. ती समजून घेऊन दुसरा प्लेअर बांधता येतो, आणि तो बांधलाही गेला. ‘रफल’ हा मुक्त प्लेअर कुठल्याही आधुनिक ब्राउझरमध्ये चालतो. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून तो वापरून जुनी फ्लॅश-चित्रं पुन्हा दाखवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या फ्रीबीएसडीला कंपनीने कधी फ्लॅश दिला नाही, तिच्यावर आज ते जुने खेळ रॅपरशिवाय उघडतात. विडवाइनचं तसं नाही. गुपित राखणं हेच त्याचं काम. त्याची मुक्त प्रतिकृती करायला गेलं तर अमेरिकेत १९९८ चा कायदा आडवा येतो. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, अर्थात त्यात हक्कभंगाचा हेतू असण्याची अट आहे.

म्हणून मी म्हणेन, एखादं नवं साधन आलं की ‘ते माझ्या यंत्रावर चालतं का’ एवढंच विचारू नका. ते बनवणाऱ्याने उद्या हात काढून घेतला, तर दुसऱ्या कुणाला ते पुन्हा बांधता येईल का, हेही विचारा. फ्लॅशच्या बाबतीत त्याचं उत्तर उशिरा का होईना, ‘हो’ असं आलं. म्हणून तर तो काळ आज आपल्याला उघडून बघता येतो.