राजाचा मास्तर

शनिवारी दुपारी जेवण जरा जास्त झालं की माझा एक ठरलेला उद्योग असतो. अठराव्या शतकातला एखादा माणूस पकडायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे लागायचं. या वेळी सापडले कार्डिनल फ्लरी.

आन्द्रे-एर्क्युल द फ्लरी. जन्म १६५३, दक्षिण फ्रान्समधल्या लोदेव्ह गावी. वडील चर्चचा महसूल गोळा करणारे, म्हणजे घराणं काही फार मोठं नाही. पोरगा पाद्री झाला, गोड बोलून दरबारात शिरला आणि पंचेचाळिशीत फ्रेज्युस नावाच्या लांबच्या गावचा बिशप झाला. करिअर तिथेच संपायला हरकत नव्हती. पण १७१५ साली मरताना चौदाव्या लुईने आपल्या पणतूचा शिक्षक म्हणून याचं नाव लिहून ठेवलं.

हा पणतू म्हणजे पंधरावा लुई. बिचाऱ्याची कथा ऐका. १७१२ साली, तो दोन वर्षांचा असताना, गोवराने काही आठवड्यांत त्याचे आई, वडील आणि थोरला भाऊ नेले. पाचव्या वर्षी पणजोबा गेले आणि हा राजा झाला. सातव्या वर्षी सांभाळणाऱ्या बाईंकडून काढून त्याला पुरुषांच्या ताब्यात दिलं. आता अशा मुलाला साठी ओलांडलेला, कधीही आवाज न चढवणारा एक मास्तर मिळाला, तर काय होईल?

तेच झालं. १७२५ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री ड्यूक ऑफ बूर्बाँ आणि राणी यांनी ठरवलं, की राजाशी एकदा तरी या म्हाताऱ्याला वगळून बोलायचं. फ्लरींना ते कळलं. भांडण नाही, तक्रार नाही. एक निरोपाची चिठ्ठी लिहिली आणि गेले इस्सीला निघून. पंधरा वर्षांचा राजा इतका अस्वस्थ झाला की शेवटी बूर्बाँलाच त्यांना परत बोलावणं धाडावं लागलं! सहा महिन्यांत, जून १७२६ मध्ये, बूर्बाँची गच्छंती झाली आणि कारभार फ्लरींकडे आला. मुख्यमंत्री ही पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. वय वर्षं त्र्याहत्तर. (आपल्याकडे शाहू महाराजांनी १७२० साली पेशवाईची वस्त्रं दिली ती विशीतल्या बाजीरावाला. तुलना नाही करत, पण गंमत वाटते.)

आणि माणसाने काम चोख केलं हो. युद्धं आणि जॉन लॉच्या कागदी पैशाच्या फुग्यामुळे फ्रान्सचं दिवाळं वाजलं होतं. फ्लरींच्या पहिल्याच वर्षी, १७२६ मध्ये, चलनाची किंमत पक्की झाली आणि पुढे जवळजवळ साठ वर्षं टिकली. लढाया होता होईतो टाळल्या. पोलंडच्या गादीवरून एक युद्ध झालंच, तर १७३८ च्या तहात लॉरेन प्रांत फ्रान्सकडे येण्याची सोय करून घेतली. १७६६ मध्ये तो खरंच आला.

दुसरी बाजूही आहे. यान्सेनपंथीयांना, म्हणजे आपल्याच धर्मातल्या कडव्या गटाला, त्यांनी निष्ठुरपणे दाबलं. रस्ते झाले, पण त्यासाठी १७३८ पासून देशभर शेतकऱ्यांकडून वेठबिगार घेतली गेली. गोड बोलणं सगळ्यांसाठी नव्हतं तर!

पण मला खटकलं ते वेगळंच. १७४० मध्ये ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचं युद्ध पेटलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या फ्लरींना ते नको होतं, तरुण सरदारांना हवं होतं. राजा तीस वर्षांचा होता. त्याने ठाम नाही म्हणायला हवं होतं किंवा ठाम हो. पण ती सवयच कुठे होती? फ्लरी २९ जानेवारी १७४३ ला वारले, तेव्हा राजाने जाहीर केलं की यापुढे मीच कारभार बघणार. पुढची तीस वर्षं तो मंत्र्यांच्या पाठीमागे गुप्त पत्रव्यवहार करत राहिला आणि स्वतःच्या मतावर मात्र त्याचा कधी पूर्ण विश्वास बसला नाही. सगळा दोष मास्तरांचा नाही, पण सतरा वर्षं एकाने सगळं सांभाळलं की दुसऱ्याचे हात कसे तयार होणार?

हे वाचताना मला माझा पहिला टीम लीड आठवला. अत्यंत सज्जन माणूस. माझ्या कोडमध्ये चूक दिसली की रागवायचा नाही. मी घरी गेल्यावर स्वतःच दुरुस्त करून ठेवायचा. तीन वर्षं मी समजत होतो की आपल्याला काम येतं. मग तो नोकरी सोडून गेला आणि पुढच्याच रिलीजला रात्री दोन वाजता सर्व्हर पडला. मी स्क्रीनकडे बघत बसलो. फोन हातात, नंबर त्याचाच काढलेला.

त्याच्यावर राग नाही. आजही तो मला आवडतो. पण गेल्या महिन्यापासून माझ्या हाताखाली एक फ्रेशर मुलगी आलीये, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिची चूक मी गुपचूप दुरुस्त करून ठेवली. वेळ वाचला म्हणून खूषही झालो.

असो. सोमवारी गेलो की ती दुरुस्ती आधी काढून टाकणार, आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार. कीबोर्ड तिच्याकडे.