मुंबईचा प्लेग : उंदीर, चाळ आणि गरिबी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तापूर्ण लेख माझ्याकडून व्हायचा नाही. पण जुन्या बायकांच्या बोलण्यात 'गाठीचा ताप' आणि 'उंदीर पडला' हे शब्द आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले असतील. त्यामागे आपल्याच मुंबईचा इतिहास आहे. तो आपणा बायकांना ठाऊक असावा, म्हणून हा प्रयत्न.

गोष्ट १८९६ सालची. बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात धान्याच्या आणि साखरेच्या मोठमोठ्या वखारी होत्या. खाली वखार आणि वरच्या मजल्यांवर माणसे, अशी तेथील घरांची रचना. दोन घरांच्या मधल्या अरुंद घरगल्लीत संडासाची घाण, मोरीचे पाणी आणि वरून टाकलेला केरकचरा साचे. तिकडे गिरण्यांमुळे कोकणातून, घाटावरून माणसे पोटासाठी सारखी येत होती. पगार तुटपुंजा, भाडे परवडत नाही. म्हणून एकेका खोलीत अनेकांचे बिऱ्हाड. उजेड नाही, वारा नाही, पाण्याच्या नळावर रांग. उंदरांना मात्र तेथे कशाचीच वाण नव्हती.

त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मांडवीत माणसे कडक तापाने आजारी पडू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचे ओळखले आणि तसे उघडपणे सांगितले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला हीच साथ आली होती. जहाजांबरोबर ती मुंबईस आली असावी, असे मानले जाते.

मग जो हाहाकार उडाला तो काय सांगावा! लोक मिळेल त्या आगबोटीने आणि आगगाडीने गावाकडे पळाले आणि साथही त्यांच्याबरोबर गावोगाव पोचली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. एरवी दरसाल फुगणारे शहर दहा वर्षांत आटले! साऱ्या हिंदुस्थानात पुढील काही दशकांत या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

सरकारने काय केले? गटारे धुतली, घरांत औषधी पाणी फवारले, कौले उतरवून ऊन आत घेतले, सामान जाळले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्याच्या जोरावर घरात शिरून रोगी शोधायचे, त्याला इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, असा क्रम सुरू झाला. गाठ पाहण्यासाठी काख आणि जांघ तपासत; परक्या पुरुषांनी बायकांना असे तपासणे लोकांना कसे सहन व्हावे? मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातील आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली. पुण्यात त्याआधीच, २२ जून १८९७ रोजी, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती. हा सारा संताप आपल्या परिचयाचाच आहे.

गंमत अशी की, एवढा जुलूम झाला तरी रोग नेमका कसा पसरतो हे तेव्हा अधिकाऱ्यांना कळलेले नव्हते. उंदीर मरून पडलेले सर्वांना दिसत होते. खेड्यांतील लोक तर उंदीर पडताच घर सोडून माळावर झोपडी बांधून राहत. १८९८ मध्ये कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, असे प्रयोगाने दाखवले. पण पुष्कळांनी ते मानले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत प्रयोग केले, तेव्हा कोठे खात्री पटली. रोगी उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, पिसवा उपाशी राहतात आणि जवळ असेल त्या माणसाला चावतात. त्या चाव्यातून रोगाचे जंतू अंगात जातात.

हे एकदा समजले की गरिबांच्याच घरी मरण जास्त का, याचे उत्तर मिळते. पिसू उडून जाऊ शकत नाही, उडी मारते तीही थोडी. म्हणजे जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्याला ती आधी गाठणार. एका खोलीत दहा माणसे निजली की एका उंदराच्या पिसवा दहांना पुरतात. धान्य गोणपाटात ठेवायचे, त्यामुळे उंदीर घरातच. श्रीमंताला बंगला बंद करून हवापालटाला जाता येई. मजुराने काम सोडले की चूल बंद. तरीही अधिकारी म्हणत, हे लोकच घाणेरडे! ज्या चाळीला मालकाने गटार दिले नाही, नगरपालिकेने पुरेसे पाणी दिले नाही, तेथील बाईने घर स्वच्छ ठेवायचे तरी कशाने?

त्या काळोखात उजेडही होता. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. आणि पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्याबरोबर प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. आजारी मुलाला दवाखान्यात पोचवताना त्यांनाच रोग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याच्या घराला लोक भीत होते, तेव्हा ही माउली तेथे गेली.

साथीनंतर सरकारला घरांची आठवण झाली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. अंधाऱ्या चाळी पाडून रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंगा वसवले. काम मोठेच होते. पण घरे पाडली त्या मानाने गरिबांसाठी खोल्या फार थोड्या बांधल्या. म्हणून उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहिली.

आता प्लेगवर औषध आहे. पण १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरताच लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढे तेथील पालिकेने रोजची झाडलोट, कचरा आणि गटारे यांची नीट व्यवस्था लावली आणि थोड्याच वर्षांत ते शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले. माणसे तीच होती, व्यवस्था बदलली. आपल्या मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोचा ताप पसरला. उंदरांचे आणि इतर जनावरांचे मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळते आणि पायाच्या जखमेतून जंतू शिरतात. पावसात घरात पाणी भरते कोणाच्या? सखल वस्तीतल्याच. अशा पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवावे, पालिकेच्या दवाखान्यात औषधाविषयी विचारावे आणि ताप आला तर एक दिवसही दवडू नये.

भगिनींनो, आपण घरे लख्ख ठेवतोच. पण उंदीर काही उंबरठा ओळखत नाही. पलीकडच्या वस्तीला नावे ठेवून आपले घर वाचत नाही. तेथील कचरा उचलला जावा, गटार वाहते राहावे, नळाला पाणी यावे, यासाठी त्या बायकांना बरोबर घेऊन आपल्या मंडळाने पालिकेत अर्ज घेऊन जावे. यंदा पावसाळ्यापूर्वी एवढे एक काम हाती घेतले, तरी वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे मला वाटते.