कुलूप, किल्ली आणि टी-पेशी

विज्ञानातील रूपकांकडे आपण साहित्याचे अभ्यासक सहसा अलंकार म्हणून पाहतो. प्रतिकारशास्त्राचा इतिहास वाचताना मात्र एका रूपकाने शंभर वर्षे प्रश्नांची दिशा ठरवलेली दिसते.

१८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विकर आणि ज्यावर ते कार्य करते तो पदार्थ यांच्या नात्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पाउल एर्लिखने ती रोगप्रतिकाराच्या विचारात आणली. पुढे १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेटने मांडले की, प्रत्येक पेशीची ओळख आधीच ठरलेली असते आणि परका पदार्थ फक्त योग्य पेशी निवडून तिचा वंश वाढवतो. येथून 'एक पेशी, एक लक्ष्य' हे सूत्र रूढ झाले.

टी-पेशींच्या बाबतीत या सूत्राला पहिला छेद १९७४ साली कॅनबेरात गेला. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखताना टी-पेशी विषाणूबरोबर स्वतःच्या शरीराची खूणही पाहते, असे त्सिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवले. विषाणूच्या प्रथिनाचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, त्या खुणेच्या खोबणीत बसवून पुढे केलेला असतो, हे नंतर उलगडले.

खरी अडचण गणिताची होती. वीस अमिनो आम्लांपासून नऊ घटकांची पेप्टाइडे ५१,२०० कोटी प्रकारची होऊ शकतात. टी-पेशींचे प्रकार मात्र कोटींत मोजण्याइतकेच. प्रत्येक पेप्टाइडास वेगळी पेशी हवी, तर शरीर पुरणारच नाही. हा हिशेब ऑक्सफर्डच्या डॉन मेसनने १९९८ मध्ये उघडपणे मांडला: एका टी-पेशीला सुमारे दहा लाख पेप्टाइडे ओळखता आलीच पाहिजेत. (अनेकार्थी शब्दाचा अर्थ संयोग, प्रकरण इत्यादींनी ठरतो असे सांगणाऱ्या भर्तृहरीच्या वाचकांना यात फारसे नवल वाटू नये.)

या अनेकार्थतेची किंमत त्याआधीच, १९९५ साली, पुढे आली होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांतील, मज्जातंतूंच्या आवरणातील प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी काही विषाणूंच्या पेप्टाइडांनीही चेतवल्या जातात, असे वुखरफेनिग आणि स्ट्रॉमिंजर यांना आढळले. २०१२ मध्ये मधुमेहाच्या एका रुग्णातील, इन्सुलिनच्या पूर्वप्रथिनाचा तुकडा ओळखणारी एकच टी-पेशी तपासली गेली. तिने ओळखलेली पेप्टाइडे दहा लाखांहून अधिक भरली.