चिखलदऱ्याचा डिसेंबर

कपाशीची वेचणी आटोपत आली आणि हाती चार पैसे खुळखुळू लागले, की आमच्या यवतमाळची मंडळी चिखलदऱ्याला निघतात. अमरावती, परतवाडा आणि मग घाट. साधारण ११०० मीटर उंची. काश्मीरसारखे बर्फ नाही, पण पहाटे तोंडातून वाफ निघते, एवढे आम्हा वऱ्हाडच्या माणसांना पुष्कळ झाले! शेकोटी, गरम भजी, शक्कर तलावात नावेची एक फेरी, पंचबोल पॉईंटवर जाऊन आरोळी ठोकायची आणि दरीने परत दिलेली ऐकायची. दुपारी उन्हात घोंगडी टाकून पडून राहायचे. याला आम्ही हवापालट म्हणतो.

गंमत अशी, की हे गाव वसले उन्हाळ्यासाठी. १८२३ साली हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली असे सांगतात. वऱ्हाडच्या उन्हाने भाजून निघणाऱ्या साहेबांना वर पळायला ती बरी होती. पुढे इथे कॉफीही लावली गेली. तिची लाल फळे नेमकी हिवाळ्यात पिकतात. कीचकाला भीमाने मारून दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, ही कथा तर त्याहून कितीतरी जुनी.

पण माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला डिसेंबर म्हटले की आठवतो तो १८०३ चा. गावाजवळच गाविलगड आहे. बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळातला, नंतर इमादशाहीने डागडुजी केलेला, शेवटी नागपूरकर भोसल्यांचा. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरल्यावर भोसल्यांचे सैन्य इथे आले. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून भिडला, पण ती बाजू नुसता कडा. खरे काम कर्नल स्टीव्हन्सनने केले. त्याने डोंगराला वळसा घालून उत्तरेकडे जड तोफा नेल्या. रस्ता असा नव्हताच, तो करतच जायचे. आज गाडीत बसून घाटात पोटात ढवळते म्हणणाऱ्यांनी त्या तोफा ओढणाऱ्या माणसांचा आणि बैलांचा क्षणभर विचार करावा. १५ डिसेंबरला तटाला खिंडारे पडली आणि गड गेला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. आमचे यवतमाळ वर्धेच्या पश्चिमेलाच! म्हणजे आपल्या आजे-पणज्यांनी कोणाला सारा भरायचा, हे त्या हिवाळ्यात ठरले. हाच वेलस्ली पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर गाजला. वॉटर्लू आपल्या मुलांना पाठ असते. गाविलगड परीक्षेत येत नाही, म्हणून तो राहतो.

सहलीला मी मुलांना आधी गडावर न्यायचो. नाव, भजी सगळे नंतर. मुले कुरकुरत. उत्तरेकडच्या पडक्या तटापाशी उभी राहिली, की मात्र गप्प होत. एकदा एका मुलीने विचारले, "सर, इथले कोरकू लोक कोणाच्या बाजूने होते?" पुस्तकात सेनापतींची नावे होती, कोरकूंचे नाव नव्हते. मेळघाट तर त्यांचाच. मी तिला म्हटले, बाई गं, हे तूच शोध. आणि आम्ही पायऱ्या उतरू लागलो, कारण चार वाजले होते आणि त्या डोंगरात हिवाळ्याचे ऊन फार लवकर उतरते.